राखण आणि लगाम : फुप्फुसातील विकरांचे कार्य

दसरा-दिवाळी उलटली, की कृष्णा-कोयनेच्या काठाने उसाच्या गाड्यांची रांग सुरू होते. कराडपासून वाळव्यापर्यंतचा हा पट्टा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे साखरेचे कोठार होय. एक टन ऊस गाळला असता त्यामागे पावणेतीन ते तीन क्विंटल चोथा उरतो. कारखान्यात त्यास बगॅस म्हणतात, गुऱ्हाळावर चिपाड. गुऱ्हाळावरची चिपाडे उन्हात वाळवून चुलवणात घातली जातात. कारखान्यातील बगॅस बॉयलरला जातो आणि जो उरतो त्यापासून वीज, कागद व पुठ्ठा तयार होतो. एकेकाळी नकोसा वाटणारा हा चोथा आता मोलाचा झाला आहे. मोल आले म्हणून त्याची साठवण आली आणि साठवणीबरोबर धूळही आली.

गिरणीतून नुकताच बाहेर पडलेला बगॅस जवळजवळ निम्मा पाण्याने भिजलेला असतो. त्याची धूळ उडत नाही आणि त्यापासून फारसा धोकाही नसतो. तोच बगॅस महिनोन्‌महिने ढिगात किंवा गठ्ठ्यांत पडून राहिला, की आतून तापतो. उरलेल्या साखरेच्या अंशावर उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव पोसले जातात. पुढे कोरडा झालेला ढीग फोडताना, गठ्ठे सोडताना किंवा पट्ट्यावर टाकताना या सूक्ष्मजीवांचे असंख्य बीजकण हवेत उडतात. ते इतके बारीक असतात, की नाकातील केस व घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या मजुराची तक्रार ठरावीक असते. सकाळी तो धडधाकट कामावर जातो. चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा घरी परतल्यावर, त्याला थंडी वाजून ताप भरतो. कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, चार पावले चालताना धाप लागते. एक-दोन दिवस घरी पडून राहिला, की औषधावाचूनही उतार पडतो. पुन्हा कामावर गेला, की पुन्हा तेच. कोणी हिवताप म्हणतो, कोणी फ्ल्यू म्हणतो, आणि आजार रेंगाळला तर क्षयाचा संशय घेतला जातो. या रोगाचे नाव बगॅसोसिस. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचे प्रथम वर्णन केले. भारतात गांगुली आणि पाल यांनी १९५५ साली कलकत्त्याजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातील रुग्णांची नोंद केली. लेसी या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये रोगास कारण होणाऱ्या सूक्ष्मजीवास उसाच्या साखरेवरूनच नाव दिले : थर्मोअॅक्टिनोमायसेस सॅकॅरी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा सूक्ष्मजीव फुप्फुसात वाढत नाही. क्षयाच्या जंतूप्रमाणे तो तेथे घर करीत नाही, एकापासून दुसऱ्यास लागत नाही आणि त्याचे विषही शरीरात पसरत नाही. तो बहुतांशी निर्जीव धुळीप्रमाणेच वागतो. असे असूनही हा संसर्ग वर्षानुवर्षे होत राहिला, तर फुप्फुसाचा मऊ स्पंज हळूहळू चामड्यासारखा निबर होतो आणि एकदा निबर झालेला भाग पूर्ववत होत नाही. मग ही इजा करतो कोण?

शत्रू कोण?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रास गेल्या साठ-सत्तर वर्षांत मिळत गेले आहे. फुप्फुसाच्या अनेक आजारांत बाहेरून आलेली वस्तू केवळ निमित्त होते. प्रत्यक्ष नासधूस करतात ती शरीराच्या संरक्षणासाठीच निर्माण झालेली द्रव्ये. या द्रव्यांत सर्वांत महत्त्वाची आहेत ती विकरे, ज्यांना डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात.

विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. भाकरी चावताना ती किंचित गोड लागू लागते, ती लाळेतील विकरामुळे. दुधाचे दही होते, तेही जंतूंच्या विकरांमुळेच. पचनाची विकरे सर्वांच्या ओळखीची आहेत. मात्र रोगप्रतिकाराच्या कामी येणारी विकरे तितकी परिचित नाहीत.

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापली जाईल. खेड्यातील एखाद्या बऱ्यापैकी घराचे जोते एवढेच असते. या कोशांची भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी जाडीची असते. दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा या भिंतींना स्पर्शून जाते आणि हवेबरोबर धूळ, धूर, बीजकण आणि जंतू आत येतात. एवढी मोठी व एवढी नाजूक सीमा दुसऱ्या कोणत्याही इंद्रियास राखावी लागत नाही.

राखणीस पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील न्यूट्रोफिल या पेशींजवळ इलॅस्टेज नावाचे एक जहाल विकर असते. जंतूला गिळल्यावर पेशी ते त्याच्यावर सोडते आणि जंतूच्या प्रथिनांचे तुकडे करते. परंतु वायुकोशाची भिंत लवचीक ठेवणारे इलॅस्टिन हे तंतूही प्रथिनाचेच असतात आणि इलॅस्टेज त्यांनाही सोडीत नाही. पेशी फुटली किंवा अतिउत्साहात तिने विकर बाहेर सांडले, तर जंतूबरोबर भिंतही विरघळते.

पपईचा चीक आणि मालमोची प्रयोगशाळा

कच्च्या पपईचा तुकडा घातला, की मटण लवकर शिजते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पपईच्या चिकात पपेन हे प्रथिने तोडणारे विकर असते, त्याचा हा परिणाम. १९६० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी हेच पपेन उंदरांच्या फुप्फुसात सोडून पाहिले. वायुकोशांच्या भिंती फाटल्या, अनेक लहान कोशांचे मिळून मोठे, ढिले फुगे झाले. धूम्रपान करणाऱ्या वृद्धांच्या फुप्फुसात दिसणाऱ्या एम्फिसीमा या विकाराचेच हे चित्र होते.

त्याच सुमारास, १९६३ साली, स्वीडनमधील मालमो येथे लॉरेल आणि एरिक्सन यांना एक वेगळाच धागा सापडला. रक्तातील प्रथिनांचे पट्टे तपासत असताना सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत एक पट्टा मुळीच दिसेना. त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयातच एम्फिसीमा जडला होता. नसलेले ते प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते यकृतात तयार होते, रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते आणि सांडलेल्या इलॅस्टेजला मिठी मारून निकामी करते. तलवारीला म्यान असावे, तसे हे प्रथिन होय. ज्यांच्याजवळ म्यान नव्हते, त्यांची स्वतःची तलवार त्यांनाच कापीत होती.

ही जन्मजात उणीव युरोपच्या उत्तर भागात अधिक आढळते. आपल्याकडे ती विरळा आहे. पण तिने जो नियम शिकविला तो सर्वांना लागू आहे : फुप्फुसाचे आरोग्य तोडणाऱ्या आणि आवरणाऱ्या द्रव्यांच्या तोलावर अवलंबून असते. हा तोल दोन तऱ्हांनी बिघडतो. तोडणारे वाढतात किंवा आवरणारे घटतात. विडी-सिगारेटचा धूर ही दोन्ही कामे एकदमच करतो. तो न्यूट्रोफिलांची गर्दी वाढवितो आणि अँटिट्रिप्सिनच्या रेणूतील नेमक्या कामाच्या जागेस ऑक्सिजनाने जणू गंज चढवितो.

चुलीचा धूर

ज्या स्त्रीने आयुष्यात विडी ओढली नाही, तिलाही साठीत धाप का लागते, याचे कारण पुष्कळदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडते. लाकूड, तुरकाट्या, गोवऱ्या, पाचट यांचा धूर फुप्फुसातील संरक्षक पेशींना सतत चेतवीत राहतो. या पेशी प्रथिने तोडणारी विकरे स्रवतात आणि श्वासनलिकांच्या भिंती वर्षानुवर्षे झिजत व जाड होत जातात. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही; तीस वर्षांच्या स्वयंपाकानंतर दिसते. म्हणूनच त्याची तक्रार कोणी करीत नाही.

या बाबतीत सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झालेल्या कामाचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणाऱ्या स्वयंपाकाच्या शेगडीवर संशोधन केले. समुचित ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती या संस्थेने सुधारित चुलींबरोबरच उसाच्या पाचटापासून कोळसा बनविण्याची पद्धत विकसित केली आणि तीबद्दल संस्थेस २००२ साली अॅशडेन पारितोषिक मिळाले. जे पाचट शेतातच पेटवून सगळा शिवार धुराने भरला जातो, त्याचे धूरविरहित इंधन होऊ शकते, हा विचार ऊसपट्ट्यातील गावांसाठी मोलाचा आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची जोडणी असंख्य घरांत पोहोचली. परंतु जोडणी असणे आणि रोजचा स्वयंपाक तीवर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी तापविण्यासाठी आणि भाकरीसाठी चूल पेटतेच, हे गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

क्षयाचे विवर

फुप्फुसाच्या आजारांशी या दोन जिल्ह्यांचा संबंध जुना आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरज येथे रुग्णालय उभारले आणि पुढे त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांवर उपचार होऊ लागले. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणी येथे बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. त्यापूर्वी स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हेच औषध होते. त्या काळी छातीच्या पोकळीत हवा भरून रोगी फुप्फुस मुद्दाम दाबून ठेवण्याचा उपचारही जगभर केला जाई. उद्देश एकच असे : फुप्फुसात पडलेले विवर मिटावे.

हे विवर क्षयजंतू स्वतः पोखरतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. प्रत्यक्षात जंतूजवळ फुप्फुसाचा सांगाडा तोडण्याचे हत्यार नाही. हा सांगाडा कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा असतो आणि ते तोडणाऱ्या विकराचा शोध एका अगदी अनपेक्षित ठिकाणी लागला. बेडकाच्या पिलाची शेपटी मोठेपणी नाहीशी होते. ती कोठे जाते, याचा शोध घेताना १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि लापिएर यांना कोलॅजेन विरघळविणारे विकर आढळले. त्याच कुळातील विकरे माणसाच्या पेशीही तयार करतात. जखम भरताना, हाड घडताना त्यांची गरज असते. क्षयाच्या गाठीभोवती जमलेल्या पेशी ती प्रमाणाबाहेर स्रवतात आणि फुप्फुसात विवर पडते. या विवरात हवा खेळते, जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि खोकल्यावाटे घरातील इतरांपर्यंत पोहोचतात. रोगाचा प्रसार हा अशा रीतीने रुग्णाच्याच विकरांच्या आधारे होतो.

याचा एक पुरावा दुःखद रीतीने पुढे आला. सांगली हा महाराष्ट्रातील एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ज्यांची प्रतिकारशक्ती या विषाणूने खचली आहे, अशा क्षयरुग्णांच्या क्ष-किरण चित्रात विवरे कमी दिसतात, हे डॉक्टरांनी जगभर पाहिले. जंतू असतात, पुष्कळ असतात, पण पोखरणारे हात दुबळे झालेले असतात. असे रुग्ण अधिक सुरक्षित असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यात जंतू शरीरभर पसरतो आणि मृत्यूचा धोका वाढतो. प्रतिकार नसला तरी माणूस मरतो आणि अनावर झाला तरी फुप्फुस मरते, अशी ही अडचण आहे.

उपचार पूर्ण होऊन जंतू नाहीसे झाल्यावरही कित्येकांचा खोकला आणि बेडका सुटत नाही, याचेही कारण येथेच आहे. रोगाने रुंदावलेल्या श्वासनलिकांत न्यूट्रोफिलांचा तळ पडलेला असतो. या अवस्थेस ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात आणि आपल्या देशात पूर्वीचा क्षय हे तिचे एक प्रमुख कारण आहे. न्यूट्रोफिलांची विकरे कार्यक्षम होण्यापूर्वीच रोखणारे ब्रेन्सोकॅटिब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये या विकारासाठी संमत झाले. विकरांच्या तोलाचा विचार प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत येण्यास साठ वर्षे लागली.

रसद तोडणारे विकर

आतापर्यंत तोडणाऱ्या विकरांचाच विचार झाला. परंतु काही विकरांचे काम लढाई पेटविण्याचे नसून थांबविण्याचे असते. त्यांतील सर्वांत अभ्यासनीय म्हणजे इंडोलअमाइन डायऑक्सिजनेज. नाव लांबलचक असले, तरी काम सोपे आहे. अन्नातून मिळणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ते तोडते आणि त्यापासून किन्युरेनिन व तत्सम पदार्थ तयार होतात.

जपानमधील क्योटो येथे ओसामु हायाइशी आणि त्यांचे सहकारी या विकराचा अभ्यास करीत होते. १९७८ साली योशिदा आणि हायाइशी यांनी जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्य उंदरांच्या पोटात टोचले, तेव्हा फुप्फुसातील या विकराचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले दिसले. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या विषाणूनेही असेच घडते, हे त्यांनी दाखविले. फुप्फुसावर संकट आले, की हे विकर जागे होते, एवढे सिद्ध झाले. कशासाठी, हे मात्र उमगले नाही.

तो उलगडा वीस वर्षांनी आणि फुप्फुसाच्या नव्हे तर गर्भाशयाच्या अभ्यासातून झाला. गर्भ हा निम्मा पित्याचा, म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने निम्मा परका. तरी मातेच्या पेशी त्याच्यावर हल्ला का करीत नाहीत, हे जुने कोडे होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मन, मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली गाभण उंदरांत हे विकर औषधाने बंद पाडले. परक्या पित्याचे गर्भ गळून पडले. हल्ला करणाऱ्या टी-पेशींना संख्येने वाढण्यासाठी ट्रिप्टोफॅन लागते. विकर ते संपवून टाकते आणि पेशींची वाढ खुंटते. शिवाय किन्युरेनिनमुळे शांतता राखणाऱ्या पेशींची संख्या वाढते. वेढा घातलेला गड तोफांनी पडला नाही, तर त्याचा दाणागोटा तोडावा, ही युक्ती सह्याद्रीच्या मुलखास नवी नाही. शरीर तीच युक्ती स्वतःच्या अनावर शिबंदीविरुद्ध वापरते.

प्राण्यांच्या प्रत्यारोपित फुप्फुसात या विकराचे प्रमाण मुद्दाम वाढविले असता फुप्फुस नाकारले जाण्याची क्रिया मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. मग हे विकर औषध म्हणून सर्वांस द्यावे काय? गोष्ट इतकी सरळ नाही. क्षयाची बाधा केलेल्या माकडांवरील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमके उलटे दिसले : तेथे हे विकर दडपल्यावर जंतू कमी झाले, कारण गाठीच्या आतील जंतूपर्यंत पोहोचण्याची टी-पेशींची वाट मोकळी झाली. लगाम फुप्फुसास वाचवितो, तसाच तो जंतूसही वाचवू शकतो. कर्करोगात हे विकर दडपणाऱ्या औषधावर मोठी भिस्त ठेवण्यात आली होती. २०१८ मध्येच त्वचेच्या कर्करोगावरील तिची मोठी चाचणी अयशस्वी ठरली. कोणत्या रोगात, कोणत्या दिवशी लगाम ओढावा आणि केव्हा सैल सोडावा, हे ठरविणे औषध शोधण्याहून कठीण आहे.

२०२० चा अनुभव

ही अडचण सर्वसामान्य माणसापर्यंत आली ती कोरोनाच्या साथीत. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील तेव्हाच्या इस्लामपूर शहरात एकाच परिसरात सुमारे दोन डझन रुग्ण आढळले आणि सांगली जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. परिसर बंद करण्यात आला, संपर्कातील लोक शोधण्यात आले, रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. साथ त्या परिसरापलीकडे पसरू न देता आटोक्यात आणल्याबद्दल त्या कामाची प्रशंसाही झाली.

या विषाणूने शरीरात शिरण्यासाठी निवडलेले दार हेही एक विकरच होते. त्याचे नाव एसीई-२. ते २००० साली ओळखण्यात आले. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या आणि दाह वाढविणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या द्रव्याची ते विल्हेवाट लावते. हे विकर नसलेल्या उंदरांत फुप्फुसाची इजा अधिक तीव्र होते आणि ते बाहेरून दिल्यास कमी होते, असे २००५ साली दाखविण्यात आले होते. म्हणजे विषाणूने केवळ दार फोडले नाही, तर दारावरचा राखणदारच पकडला.

बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे झाले. काहींची प्रकृती मात्र सातव्या ते दहाव्या दिवशी, विषाणूचा जोर ओसरू लागला असताना, एकाएकी ढासळली. तोपर्यंत पांढऱ्या पेशींनी फुप्फुसात गर्दी केलेली होती. वायुकोशांच्या भिंतींतून द्रव झिरपू लागला आणि ऑक्सिजन रक्तात जाण्याची वाट बंद झाली. गंभीर रुग्णांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन घटलेले आणि किन्युरेनिन वाढलेले आढळले. शरीर लगाम ओढीत होते. घोडा आवरत नव्हता.

या टप्प्यावर उपयोगी पडले ते डेक्सामेथासोन, काही पैशांत मिळणारे जुने स्टिरॉइड. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत ते सहा हजारांहून अधिक रुग्णांत रोज सहा मिलिग्रॅम या प्रमाणात तपासण्यात आले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्के झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, अशांत स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के दगावले. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नसला, तरी लाभ नाही आणि अपायाची शंका आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते. ज्याची स्वतःची फौज अद्याप अनावर झालेली नाही, त्याची फौज मोडण्यात शहाणपण नाही.

हे आकडे जून २०२० पासूनच उपलब्ध होऊ लागले होते. तरीही दुसऱ्या लाटेत पहिल्या दिवसाच्या तापावरच स्टिरॉइड सुरू केल्याची उदाहरणे सर्वत्र घडली आणि २०२१ मध्ये, विशेषतः मधुमेही रुग्णांत, काळ्या बुरशीच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागली. आजही दम्यावर ‘एका इंजेक्शनात गुण’ देणारे वैदू आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या गावोगाव आहेत. गुण येतो हे खरे, कारण दाह दबतो. परंतु धाप लागण्याचे कारण न ओळखलेला क्षय असेल, तर त्याच गोळीने जंतूस मोकळे रान मिळते.

बगॅसच्या ढिगाकडे परत

बगॅसोसिसमध्ये विकरांचा तोल औषधाने सावरण्याची पाळी येऊच नये, अशी सोय आहे. बीजकण फुप्फुसात गेलेच नाहीत, तर पांढऱ्या पेशी जमणार नाहीत. साठविलेल्या बगॅसमध्ये वीस टक्क्यांहून अधिक ओलावा राखणे आणि त्यावर दोन टक्के प्रोपिऑनिक आम्लाचा फवारा मारणे, हे उपाय व्यवसायजन्य रोगांच्या पाठ्यपुस्तकांत कधीचेच नमूद आहेत. धूळ निघते तेथेच ती ओढून घेणारे पंखे, बंदिस्त पट्टे, ढीग फोडण्याआधी पाण्याचा शिडकावा, हे उपाय अवघड नाहीत. नाकाला गुंडाळलेला पंचा मात्र उपयोगाचा नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण त्यातून सहज आरपार जातात. त्यासाठी सूक्ष्म कण अडविणारा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा लागतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बगॅसोसिसचा नावानिशी समावेश करण्यात आला होता, ही गोष्ट कामगारांपैकी फार थोड्यांस आणि ग्रामपंचायत सदस्यांपैकी त्याहून थोड्यांस माहीत असेल.

नुकसानभरपाईच्या आधी निदान व्हावे लागते आणि निदानाची पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रातच आहे. फुप्फुसाची क्षमता मोजणारे यंत्र तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळेल, छातीचे चित्रही तेथे निघेल. तत्पूर्वी रुग्णास तीन प्रश्न विचारणे पुरेसे असते. ताप दिवसाच्या कोणत्या वेळी येतो? सुटी घेतली, की उतरतो काय? त्याच ठिकाणी काम करणाऱ्या आणखी कोणास असा त्रास होतो काय? सध्या पुष्कळ केसपेपरांवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ एवढाच शब्द असतो. त्याऐवजी ‘बगॅसचे गठ्ठे फोडणे, तीन महिने’ असे लिहिले गेले, तर मिरजेच्या किंवा कराडच्या डॉक्टरास पुढचा अर्धा तपास आयताच मिळतो, आणि क्षयाच्या गोळ्या सहा महिने विनाकारण खाण्यापासून एक माणूस वाचतो.